आमच्या घरातली दारू

आमच्या घरात वर्षातून एकदा दारू यायची. रीतसर पावती घेऊन यायची, आणि पाच वक्त नमाजी असलेले माझे चुलते ती स्वतः पिशवीत घालून आणायचे. बंदुकीच्या दारूला मराठीत वेगळा शब्द नाही, म्हणून हा सगळा घोटाळा. अब्बा डिलाईल रोडला राहून गिरणीत काम करायचे. भात पोसवायला लागलं की खेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून चुलत्यांचं पोस्टकार्ड यायचं. त्यात तब्येतपाणी दोन ओळी आणि मग यादी: दारू, छर्रे, केपा. पुढे अंदाजे रक्कम. पोस्टकार्डाला झाकण नसतं, त्यामुळे खोलीतल्या कोकणी गड्यांनी ते आधीच वाचलेलं असायचं. "काय भाई, यंदा किती किलोची पार्टी?" असं कुणीतरी विचारायचंच. अब्बा हसायचे आणि मनिऑर्डरीचा फॉर्म भरायला घ्यायचे.

बंदूक ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं आणि शेवटी मागच्या टोकाला केप बसवायची. म्हणजे प्रत्येक बार हा घरी भरलेलाच. काडतूस ही वस्तू त्या बंदुकीला ठाऊकच नव्हती. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे. कायदा करणाऱ्यांना कोकणातला शेतकरी माहीत होता म्हणायचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असे परवाने कितीतरी घरांत आहेत, कुणब्यांच्या, मराठ्यांच्या आणि आमच्याही.

लोकांना वाटायचं, अब्बा मुंबईत आहेत तर हा माल मुंबईहूनच का नेत नाहीत? इथं स्वस्त मिळेल, एकदम घेता येईल. पण परवाना चुलत्यांच्या नावावर आणि त्यावर हद्द लिहिलेली. शिवाय दारूची पुडी घेऊन रेल्वेत किंवा एसटीत बसणं हा गुन्हा आहे, हे अब्बांना पक्कं ठाऊक होतं. मुंबईहून दोनच गोष्टी जायच्या. एक मनिऑर्डर. दुसरी म्हणजे डिलाईल रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेलं कॉटन वेस्टचं बोचकं, नळी पुसायला. गिरणीत मशीन पुसायला हेच वेस्ट पोत्यानं पडलेलं असायचं, पण सुटताना गेटवर झडती व्हायची आणि अब्बा मूठभर सुतासाठीही मान खाली घालणारे नव्हते. ते दुकानातूनच घ्यायचे.

खरेदी एकदम करायची याचं कारण स्वस्ताई नव्हतं. जिल्ह्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे जायचं म्हणजे एक अख्खा दिवस, एसटीचं भाडं आणि शेतातला खाडा. दुकानदार आधी परवान्याचं पुस्तक उघडून बघणार, यंदाची मर्यादा किती, मागच्या खेपेला किती नेलं. मग वजन करणार, केपा मोजणार, पुस्तकात तारीख आणि आकडा टाकणार, शिक्का मारणार. ही नोंद चुलत्यांच्या लेखी मालापेक्षा मोठी होती. घरात रेशनकार्ड, सातबारा आणि हे पुस्तक एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असायचं. माल घरी आला की तो चुलीपासून लांब, कोरड्या जागी, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. कोकणच्या पावसात मीठसुद्धा पाणी धरतं, तिथं दारूचं काय. म्हणून आगोटीच्या खरेदीत तिचा नंबर नसायचा. पाऊस ओसरायला लागला की चुलते जायचे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतल्या खोल्या हळूहळू रिकाम्या झाल्या, माणसं गावाला परतली. अब्बाही गेले. त्या वर्षी मनिऑर्डर पाठवणारा आणि ती घेणारा एकाच पडवीत बसलेले. तेल उधारीवर येत होतं, कपडा नवा घेतलाच नाही. पण दारू-छर्ऱ्याला उधारी नसते, कारण तिची नोंद सरकारी पुस्तकात होते. अम्मी सांगते की त्या वर्षी त्या एका खरेदीसाठी कोंबड्या विकल्या. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब सोपा होता. संपात पगार नाही, मग वर्षभर खायचं ते शेतातलं भात, आणि एका रात्रीत उतरणारा कळप ते भात लोळवून टाकतो.

कळप कुणाचा हे मी अजून लिहिलं नाही, कारण आमच्या घरात त्या जनावराचं नावच घेत नसत. "काल तो आला होता" म्हटलं की सगळ्यांना कळायचं. रानडुक्कर. ज्याच्या मांसाला आम्ही शिवत नाही त्यासाठी आमच्या घरातले पैसे जायचे, आणि कुठं मारलाच गेला तर पुढचं सगळं शेजारच्या वाडीवर सोपवलेलं. तिथल्या माणसांना त्याचं वावडं नव्हतं. बदल्यात पावसाळ्यात त्यांचा बैल आमच्या चोंड्यात यायचा. यावर कुणी कधी चर्चा केल्याचं मला आठवत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर मारायला लेखी परवानगी लागू लागली आणि मग बंदूक बहुतेक वेळा हवेतच उडायची. मोठा आवाज काढायचा, कळप पळवायचा. भाताची राखण करायला तेवढं पुरत असे.

हे सगळं आत्ता लिहायला बसलो ते भाच्यामुळे. तो वरळीच्या रेंजवर रायफल शिकतो. त्याने कुठल्याशा अमेरिकन माणसाचे व्हिडिओ पाहिले: घरच्या गॅरेजमध्ये टेबलाला दाबयंत्र बसवलेलं, शेजारी पितळी पुंगळ्यांच्या बादल्या, हजाराच्या खोक्यांत केपा, डब्यांत दारू. रिकामी पुंगळी पुन्हा भरून रायफलची काडतुसं तयार. तिथं बहुतेक ठिकाणी स्वतःपुरतं हे करायला परवाना लागत नाही. २०२०-२१ मध्ये केपांचा तुटवडा पडला तेव्हा लोक दुकानांबाहेर ताटकळले होते. भाच्याने मला विचारलं, "मामू, आपण का नाही एकदम मागवू शकत? गोळी केवढी महाग पडते!"

त्याचा प्रश्न खोटा नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी सुरुवातीला गोळ्यांसाठी कर्ज काढल्याची गोष्ट सगळ्या पेपरांत आली होती. राधानगरी तालुक्यातल्या शिक्षकाला गोळ्यांसाठी कर्ज काढावं लागतं, मग गिरणी कामगाराच्या नातवाचं काय.

पण त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. पहिली तांत्रिक. तो जी पॉइंट टू टू वापरतो, तिच्या गोळीत ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. एकदा पिन आपटली की ती कड चेपली आणि मसाला जळाला. ती पुन्हा भरण्यासारखी नसते. त्यामुळे मोठे नेमबाज भरत बसत नाहीत, निवडतात. एकाच कारखान्याच्या एकाच जातीच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून उडवून बघायचे, आणि जो लॉट सगळ्यात जवळजवळ पडेल तो जमेल तितका एकदम घ्यायचा. पुढचा लॉट तसा येईल याची खात्री नसते. चुलत्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं, कारण तेही एकदा चांगली निघालेली केप पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवायचे.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रंही. बादलीभर पुंगळ्या आणि ते टेबलावरचं दाबयंत्र, दोन्ही कायद्याच्या लेखी तयार काडतुसाच्याच रांगेत. ते बाळगायलाच परवाना लागतो, आणि बनवायचं तर पाचव्या कलमाचा वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. "पण मी तर स्पर्धेसाठीच..." भाचा म्हणाला. मी म्हटलं, बाळा, तुझं नाव काय आहे ते आधी आठव, मग पार्सल कुणाच्या पत्त्यावर येणार ते ठरव. हे मला बोलायला आवडलं नाही. पण सतरा वर्षांच्या पोराला ते व्हिडिओवाल्याने सांगितलं नसतं.

सुट्या मालावरचा संशय आपल्याकडे जुना आहे. १८५७ च्या जानेवारीत डमडमला जी काडतुसं गाजली, ती एन्फिल्ड रायफलची, आणि ती रायफलही ठासणीचीच होती. कागदाच्या नळीत दारू आणि गोळी, वरून चरबी. कागद दातानं तोडून नळीत रिकामा करायचा. गाय आणि डुक्कर दोन्हींच्या चरबीची बातमी पसरल्यावर सरकारनं काय केलं हे फारसं सांगितलं जात नाही. चरबी न लावलेली काडतुसं द्या, आणि वंगण शिपायांनी स्वतःच्या पसंतीचं लावावं, असा हुकूम निघाला. म्हणजे आमच्या चुलत्यांसारखंच: माल घ्या आणि आपल्या हातानं भरा. पण तोवर उशीर झाला होता. शिपायांचा संशय चरबीवरून कागदावर गेला, हा कागद इतका चकचकीत का, याच्यात काय घातलंय? त्यांच्या मनातून माल देणाराच उतरला होता.

आमच्याकडे तो संशय उलट्या दिशेनं आला, १९९३ मध्ये. रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला स्फोटकं उतरली, १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, आणि कोकणातल्या मुसलमान वस्त्यांत पोलिसांच्या गाड्या फिरू लागल्या. त्यानंतर कुणीतरी आमच्या पडवीत येऊन परवान्याचं पुस्तक मागितलं. चुलत्यांनी प्लास्टिकची पिशवी आणून दिली. एकेक नोंद ताडून पाहिली गेली, उरलेल्या केपा मोजल्या गेल्या. सगळं बरोबर निघालं. गावात आणखी परवाने होते, तिथं मोजणी झाली नाही. चुलते त्याबद्दल एवढंच म्हणायचे की आपला हिशेब तरी तपासून झाला. निवडणूक आली की ते सांगायच्या आधीच बंदूक ठाण्यात जमा करायचे. सरसकट सगळ्यांच्या घेऊ नका, छाननी समितीनं ठरवावं, असा नियम आहे हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, नियम तू मुंबईत ठेव.

मागच्या वर्षी चुलते गेले. बंदूक जमा आहे. चुलतभावाला परवाना स्वतःच्या नावावर हवा आहे आणि अर्जाला इतर वारसांचं ना-हरकत लागतं. अम्मी म्हणते, बला आहे, जाऊ दे. बहिणीचंही तेच, तिला भाच्याची रायफलसुद्धा धड मान्य नाही. चुलतभावाचं म्हणणं वेगळं. गावात आता निम्मी शेतं पडीक, रान अंगणापर्यंत आलंय, आणि जे दोन-तीनजण अजून भात लावतात त्यांना सगळा कळप वाटून येतो. शेजारच्या वाडीतली माणसंही त्याला विचारतायत की तुझ्या बापाची बंदूक कधी सुटणार.

मला अम्मीची भीती समजते. तरी मला वाटतं, आमच्या नावावर सरकारनं पन्नास वर्षं विश्वास ठेवल्याचा शिक्क्यानिशी पुरावा असलेलं दुसरं पुस्तक आमच्याकडे नाही. ते आपल्या हातानं बंद करायला मन होत नाही. मी प्रतिज्ञापत्र करून स्पीड पोस्टानं गावाला पाठवलं आहे. बहिणीची सही अजून व्हायची आहे.