पिसांची माशी आणि मोसमचे पाणी

गळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. वेळूची काठी, काठीला दोरी, दोरीला भेंडाचा तुकडा आणि टोकाच्या गळाला टोचलेले गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. काठावर निवांत बसायचे आणि भेंड पाण्यात बुडाले की काठी उचलायची. आपल्या मोसमच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले आहे. पण इंग्लंडच्या उत्तरेला लागून असलेल्या स्कॉटलंड देशात गळाला गांडूळ लावत नाहीत असे पुष्कळ मासेमार आहेत. ते गळाला कोंबडीचे पीस बांधतात, आणि मासा ते खरे खाद्य समजून तोंडात घेतो! या बांधलेल्या आमिषाला ते 'माशी' म्हणतात. माशासाठी माशी, असा हा प्रकार आहे.

वाचकांत माळकरी मंडळीही आहेत. त्यांनी रागावू नये. मला मासे धरायला शिकवायचे नाही. या पिसांच्या माशीत आपल्या नदीविषयी आणि आपल्या फवारणीविषयी एक गोष्ट दडलेली आहे, ती सांगायची आहे.

ही माशी मुख्यतः ट्राउट नावाच्या माशासाठी बांधतात. ट्राउट हा थंड आणि स्वच्छ पाण्याचा मासा. तो मूळचा आपल्याकडचा नव्हे. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून आणून तो काश्मीरच्या नद्यांत सोडला गेला. पुढे निलगिरीच्या उंच डोंगरांतही ट्राउट वाढवले गेले. आपल्या मोसमला मात्र तो कधी यायचा नाही. वैशाखातले इथले पाणी त्याला सोसणार नाही.

आता मासा पिसाला का भुलतो ते पाहू. वाहत्या पाण्यात दगडांखाली असंख्य लहान कीटक राहतात. 'मे फ्लाय' नावाच्या कीटकाचे उदाहरण घ्या. त्याची पिले महिनोन्‌महिने पाण्यात वाढतात. एक दिवस ती पृष्ठभागाकडे येतात, कात टाकतात आणि पंख फुटून उडतात. उडणाऱ्या प्रौढ कीटकाला खाण्याजोगे तोंडच नसते. त्याने जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि एक-दोन दिवसांत मरायचे. दुसरा एक 'कॅडिस' नावाचा कीटक वाळूचे कण आणि काड्या चिकटवून स्वतःभोवती नळीसारखे घर करतो. ट्राउटचे बरेचसे पोट या कीटकांवर भरते. पाण्यातून वर येणारा, अर्धवट कात टाकलेला, प्रवाहात गटांगळ्या खाणारा कीटक म्हणजे त्याला आयता घास.

स्कॉटलंडची 'ओली माशी' या घासाची नक्कल करते. जी पाण्यावर तरंगते ती कोरडी माशी आणि जी पाण्याखाली जाते ती ओली. कोंबड्याच्या मानेची पिसे ताठ असतात, म्हणून ती कोरड्या माशीला चांगली. कोंबडीची पिसे मऊ असतात. ती पाणी पितात, बुडतात आणि प्रवाहात अशी हलतात की जणू कीटकाचे पायच हलत आहेत. म्हणून ओल्या माशीला कोंबडीचे पीस लागते. आपण उकिरड्यावर फेकतो ते पीस तिकडे असे कामाला येते.

हे सारे मला घरबसल्या पाहायला मिळाले. माझी पुतणी नोकरीनिमित्त नवऱ्यासह स्कॉटलंडमध्ये राहते. ती मागे दिवाळीला नामपूरला आली तेव्हा तिच्या सामानात पत्र्याची एक चपटी डबी होती. डबी उघडली तर आत नखाएवढ्या पंचवीस-तीस माश्या ओळीने टोचून ठेवलेल्या. काळ्या, तपकिरी, शेंदरी, सोनेरी. ही कला ती तिथल्या शेजाऱ्यांकडून शिकली. मी म्हटले, "आम्हाला बांधून दाखव." ती म्हणाली, "काका, मला एक काळी कोंबडी दाखवा, बाकीचे साहित्य माझ्याजवळ आहे."

काळी कोंबडी आमच्याच आवारात होती. खुराड्यात गळून पडलेली तिची मानेची चार पिसे वहिनींनी शोधून दिली. पुतणीने बारीकसा गळ एका छोट्या पकडीत घट्ट बसवला. रेशमी दोऱ्याला मेण लावले. गळाच्या डोळ्यापासून वाकापर्यंत दोऱ्याचे एकाला एक लागून वेढे घेतले. हे झाले कीटकाचे अंग. त्यावर चमकदार जरीची तार अंतर राखून गुंडाळली. आपल्या येवल्याच्या पैठणीच्या पदरात जर असते ना, तशीच ही जर. पाण्यात प्रकाश पडला की ती लुकलुकते. मग काळ्या पिसाचे देठ डोळ्याजवळ बांधून पिसाला दोनच वेढे दिले. तिसरा द्यायचा नाही. दोऱ्याची गाठ मारली, गाठीवर वार्निशचा थेंब सोडला आणि माशी तयार. सगळे मिळून दहा मिनिटे लागली नाहीत.

"पीस इतकेच का? अजून घाल की," असे वहिनी म्हणाल्या. त्यावर पुतणीने एक जुनी गोष्ट सांगितली. डब्ल्यू. सी. स्टुअर्ट नावाच्या एडिंबरोच्या एका वकिलाने १८५७ मध्ये मासेमारीवर एक पुस्तक लिहिले. त्या काळी लोक माश्या भरगच्च पिसांच्या बांधत. स्टुअर्टने कोळ्यासारख्या दिसणाऱ्या अगदी विरळ पिसांच्या तीन माश्यांचा पुरस्कार केला. एक काळी, एक तांबडी आणि एक राखी. पाण्यातला कीटक किडकिडीत असतो, मग माशी गुबगुबीत कशाला, असा साधा हिशेब. तो आजही चालतो. तिथल्या तळ्यांत नावेतून मासे धरताना एका दोरीला तीन माश्या बांधतात आणि वरची माशी पाण्याच्या पृष्ठभागावर नाचवत आणतात.

डबीतली एक सोनेरी माशी मला वेगळी वाटली. तिचे नाव डंकेल्ड. टे नदीच्या काठी डंकेल्ड नावाचे गाव आहे, त्यावरून हे नाव. अंगाला सगळी सोनेरी जर, गळ्याला शेंदरी पीस आणि दोन्ही गालांवर मेणाचा थेंब ओतावा तसा पिवळसर चकचकीत ठिपका. ठिपका असा की माशाचा डोळाच वाटावा. हे पीस मी ओळखले. आपल्या सह्याद्रीच्या रानातल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे ते पीस!

हा रानकोंबडा फक्त भारतात होतो. अबूच्या डोंगरापासून दक्षिणेकडे पश्चिम घाटाच्या जंगलांत तो राहतो. एका फ्रेंच प्रवाशाच्या नावावरून शास्त्रज्ञांनी त्याला 'सोनेरात' हे नाव जोडले. आपल्या घरच्या कोंबडीशीही त्याचे नाते आहे. घरची कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, परंतु तिच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे ज्यांच्या घरी पिवळ्या पायांची कोंबडी आहे, त्यांच्या खुराड्यात सह्याद्रीचा थोडा अंश आहे असे समजा.

या चकचकीत पिसाने मात्र त्या पाखराच्या जिवावर संकट आणले. एकोणिसाव्या शतकापासून त्याच्या मानेची कातडी जहाजे भरून विलायतेला जाऊ लागली. एका कोंबड्याची मान किती ती, आणि माश्या बांधणारे हात किती! अखेर १९६० च्या दशकाच्या शेवटी भारताने ही निर्यात बंद केली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय मिळाले. मग विलायतेतल्या लोकांनी हेच पाखरू पिंजऱ्यात पाळून वाढवले. आज तिथे मिळणारी ही पिसे पाळीव पाखरांची असतात. पुतणीच्या डबीतले पीसही तसेच. कला टिकली आणि रानातले पाखरूही वाचले. आपल्याकडे अजून कोठे फासे लावून रानकोंबडा धरला जात असेल, तर तो कायद्याने गुन्हा आहे हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

आमच्या ओट्यावर हे सारे चालले असताना नदीवर जाळे टाकण्यात उभा जन्म गेलेले एक आजोबा येऊन बसले होते. त्यांनी माशी तळहातावर घेतली, उलटसुलट पाहिली आणि मला विचारले, "भाऊसाहेब, मासा काय पिसं खास का?"

पुतणी हसली. म्हणाली, "बाबा, मासा पीस खात नाही. त्याला जे रोज खायला मिळते, तसे हे पीस दिसले पाहिजे. म्हणून तिकडे माशी बांधण्याआधी लोक नदीत उतरतात आणि दगड उलटून पाहतात. उद्या आपण मोसमचे दगड पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आठ-दहा जण नदीवर गेलो. पोरे तर होतीच. आधी गावापासून बरेच वर, जिथे पाणी खडकांवरून खळखळ वाहते, तिथे दगड उलटले. दगडाच्या खालच्या अंगाला चपटी, तीन शेपट्यांची मे फ्लायची पिले सरसर पळत होती. एका दगडाला वाळूच्या कणांची नळीही चिकटलेली दिसली. पोरांना मोठी गंमत वाटली. नंतर आम्ही खाली आलो. तिथे गाडीवाट नदीत उतरते, बैल धुतात, आणि फवारणीचे पंप व ब्लोअरच्या टाक्याही तिथेच विसळतात. तिथले वीस दगड उलटले. मे फ्लायचे एकही पिल्लू नाही, वाळूचे घर नाही. चिखलात फक्त बारीक लाल अळ्या वळवळत होत्या. या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखे लाल द्रव्य असते, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या घाण पाण्यातही त्या तग धरतात. जिथे इतर काही उरत नाही, तिथे त्या उरतात.

आजोबा काठावर उकिडवे बसून पाहत होते. म्हणाले, या जागी पूर्वी झिंगे ओंजळीने निघत.

नुसत्या दगडांवरून सगळा दोष एका कारणावर टाकता येत नाही. सांडपाणी आहे, गाळ आहे, उन्हाळ्यात आवर्तन आले नाही तर नदी कोरडी पडते. पण एक गोष्ट शास्त्राला पक्की ठाऊक आहे. सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन या गटातली औषधे माशांना आणि पाण्यातल्या कीटकांना फार थोड्या प्रमाणातही मारक असतात. औषध पाण्यात पडल्यावर डाळिंबावरची कीड कोणती आणि दगडाखालचे पिल्लू कोणते, हे त्याला कळत नाही. आणि हेच पाणी पुढे आपल्याच विहिरींना पाझरते, गुरे पितात, आणि मालेगावजवळ गिरणेला मिळते.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, उपाय कठीण नाही. फवारणी झाली की पंपात स्वच्छ पाणी घालून ते पाणी त्याच पिकावर फवारून टाकावे. औषधाचा डबा तीन वेळा विसळून प्रत्येक वेळचे पाणी पंपातच ओतावे, मग डब्याला भोके पाडावीत म्हणजे घरात कोणी तेल-पाण्यासाठी वापरणार नाही. पंप नदी, नाला, विहीर आणि शेततळे यांपासून लांब, पडीत जागेवर धुवावा. पाटाच्या कडेला फवारणी करताना वारा पाण्याकडे वाहत असेल तर थोडे थांबावे. एवढ्याने खर्च एक पैसाही वाढत नाही.

आणि एखाद्या रविवारी पोरांना घेऊन आपल्या गावच्या नदीतले दगड उलटून पाहावेत. पाहिल्यावर दगड होता तसा परत ठेवावा. काय दिसले ते वहीत लिहून ठेवावे आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच जागी पाहावे. आम्ही पोरांकडून अशी वही सुरू करून घेतली आहे. स्कॉटलंडच्या लोकांनी आपल्या रानातले पीस नेले. आपण त्यांच्याकडून पाण्याकडे पाहण्याची ही सवय घ्यावी. तिला जकात नाही आणि आगबोटही लागत नाही.