दहावी झालेली पोरगी आणि मुंबईचे तीन दिवस : नियोजनाच्या नोंदी



गेल्या आठवड्यात पेजवर काही टाकलं नाही म्हणून तीन-चार जणांचे फोन आले. "बाग आजारी आहे का तुम्ही?" असं एकाने विचारलं. दोन्ही ठणठणीत आहेत. धाकट्या पोरीला घेऊन मुंबईला गेलो होतो. आज फवारणीचं, खताचं काही नाही. हे तीन दिवस शेतीच्या कामात कसे बसवले आणि पोरीबरोबर कसे आखले, तेवढं लिहितो. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची लेकरं आहेत त्यांनी वाचावं.

आधी कारण सांगतो. पोरीने मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली. तिला सायन्स घ्यायचं आहे, त्यासाठी अकरावीला नाशिकला ठेवायचं ठरलं. म्हणजे जूननंतर होस्टेल. तिच्या आजीला हे पटलेलं नाही. "एवढीशी पोर, रस्ता तरी ओलांडता येतो का तिला?" असं रोज एकदा ऐकवते. म्हातारीचा विरोध मला मान्य नाही, पण प्रश्न बरोबर आहे. आमची पोरगी लासलगावपलीकडे कधी एकटी गेलेली नाही. आपण टोमॅटोचं रोप शेडनेटमधून काढून थेट एप्रिलच्या उन्हात लावत नाही. चार-सहा दिवस पाणी कमी करतो, ऊन दाखवतो, देठ कडक होऊ देतो. कांद्याच्या रोपाचंही लावणीआधी पाणी तोडतो. मग सोळा वर्षं सावलीत वाढवलेलं लेकरू एका दिवसात शहरात नेऊन सोडायचं, हे मला बरोबर वाटत नव्हतं.

म्हणून सहल. मुंबईच का, तर तिला समुद्र बघायचा होता. आणि माझा हिशेब असा, की मुंबईच्या लोकलमध्ये जी चढली-उतरली तिला नाशिकची सिटी बस काहीच नाही.

तारीख कशी काढली

शाळेची सुट्टी आणि शेतीची सुट्टी कधी जुळत नाही. दिवाळीत गोडी छाटणीनंतरच्या फवारण्या, डावणीची भीती, कांद्याचं रोप. मेमध्ये विरळणी, सबकेन, शेंडा मारणं. आमच्याकडे मोकळी फट एकच असते. खरड छाटणी होऊन पेस्टिंग झालं की डोळे फुटायला आठ-दहा दिवस लागतात. पाणी सोडलं तर त्या दिवसांत बागेत तातडीचं काम नसतं. पेठ-सुरगाण्याची टोळी गुरुवार-शुक्रवार छाटून गेली, शनिवारी पेस्टिंग उरकलं. उन्हाळ कांदा त्याआधीच चाळीत गेला होता. तो उघड्यावर पोळी मारून पडला असता तर मी हाललो नसतो. एप्रिलचं आभाळ सांगून येत नाही.

मग वार. आमच्या फीडरला सोमवार ते गुरुवार वीज दिवसा असते, पुढचे तीन दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला घरच्या बाईमाणसाला विहिरीवर पाठवून आपण समुद्र बघायचा, हे जमणारं नाही. म्हणून गुरुवारच्या आत परत यायचं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. सगळं वजा करून मंगळवार, बुधवार, गुरुवार उरले.

घरच्यांना म्हटलं तुम्ही पण चला. त्या म्हणाल्या, "दोन गाई दुभत्या आहेत, त्या काय चुलत्यांच्या हातून धार काढू देणार आहेत? तुम्ही जा. दिवाळीनंतर मी आणि ती जाऊ, तेव्हा तुम्ही धार काढा." हे उधार माझ्या नावावर लिहून ठेवलं आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह कोणते कधी फिरवायचे याचा कागद पंपघरात चिकटवला. शेजारच्या पुतण्याचा नंबर त्यावर लिहिला.

आखणी पोरीची

यात मी एक गोष्ट ठरवून केली. पोरीच्या हातात वही आणि पाच हजार रुपये रोख दिले. सांगितलं, तीन दिवसांचं जाणं-येणं, खाणं, तिकिटं सगळं यात बसव. मुक्काम कल्याणला माझ्या चुलत बहिणीकडे, त्याचा खर्च नाही. कुठं जायचं ते तू ठरव, मी फक्त दोन गोष्टी तपासणार : परतीची गाडी हुकणार नाही ना, आणि अंधार पडायच्या आत आपण कुठं असू.

पहिल्या यादीत तिने अकरा ठिकाणं लिहिली. राणीबाग, तारांगण, नेहरू सायन्स सेंटर, चौपाटी, सगळंच. मी काही खोडलं नाही. म्हटलं, प्रत्येक ठिकाणापुढे जायला किती वेळ आणि बघायला किती वेळ ते लिही. दोन तासांनी वही परत आली तेव्हा चारच ठिकाणं उरली होती. राणीबाग तर बुधवारी बंद असते हे तिनेच शोधून काढलं. उरलं ते असं : सीएसएमटी स्टेशन आणि वस्तुसंग्रहालय, गेटवे, घारापुरी. चौथं नाव बघून मी जरा थांबलो. वाशी मार्केट. मी काही सुचवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "नाना, आपला कांदा लासलगावहून पुढं जातो कुठं, ते मला बघायचंय."

पहिला दिवस

सकाळच्या पंचवटीने लासलगावहून बसलो, बैठकीचं आरक्षण आधीच केलं होतं. बहिणीसाठी पाच किलो कांदे आणि घरचे बेदाणे. इगतपुरीनंतर कसारा घाट लागला तेव्हा पोरगी खिडकीतून हलली नाही. हा घाट रेल्वेने १८६५ ला चालू केला, चढ ३७ फुटांना एक फूट. मुंबईहून वर येणाऱ्या जड गाड्यांना मागून जादा इंजिन लावावं लागतं. आपल्या उसाच्या ट्रॉलीला चढावर दुसरा ट्रॅक्टर लावतो तसंच.

कल्याणला बहिणीकडे पिशव्या टाकल्या आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर लोकल धरली. इथे खरी परीक्षा. लेडीज डबा वेगळा, मी त्यात जाऊ शकत नाही. जनरल डब्याची गर्दी मला तिच्यासाठी नको होती. म्हणून तिने लेडीज डब्यात एकटीने जायचं ठरलं. नियम तीन केले. एक, जलद गाडी आणि शेवटचं स्टेशन सीएसएमटी, हे फलाटावरच्या पाटीवर स्वतः वाचून चढायचं. दोन, उतरल्यावर त्याच फलाटाच्या तोंडाशी उभं राहायचं, हलायचं नाही. तीन, आपल्यापैकी एकाची गाडी हुकली तर पुढे गेलेल्याने तिथेच थांबायचं, मागच्याने पुढची गाडी धरायची. फोन लागला तर ठीक, नाही लागला तरी हाच नियम.

पहिल्या दिवशी सगळं सुरळीत. सीएसएमटीची इमारत १८८८ ला पूर्ण झाली, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपण गाडी पकडायच्या घाईत वर बघत नाही. भिंतींवर, खांबांवर दगडात पानं, पक्षी, प्राणी कोरलेत, ते तिने दाखवले. वस्तुसंग्रहालयात तीन तास गेले. गेटवे १९२४ ला बांधून झाला, आणि इंग्रजांची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला त्याच्याखालून बाहेर पडली, हे तिने मला सांगितलं. मला १९११ ला राजा आला होता एवढंच माहीत होतं. समुद्रापुढे मात्र ती काही बोलली नाही. बराच वेळ कठड्याला टेकून उभी होती. मीही बोललो नाही.

दुसरा दिवस

घारापुरीची लाँच लवकर धरायची म्हणून सकाळच्या गर्दीतच निघावं लागलं. लेडीज डब्यात ती चढली. माझ्या डब्याच्या दारात माणसं लोंबकळत होती, पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी सुटली. मी फलाटावर, पोरगी गाडीत. फोन लावला, लागेना.

तासाभराच्या वर प्रवास. गारपिटीच्या रात्री बागेकडे बॅटरी घेऊन निघालेल्या माणसाला जसं वाटतं तसं मला दुसऱ्या गाडीत वाटत होतं. आजीचं बोलणं आठवत होतं. घरच्यांना काय सांगू, हेही मनात येऊन गेलं. सीएसएमटीला उतरलो तर पोरगी फलाटाच्या तोंडाशी, ठरल्या जागी. वहीत काहीतरी लिहीत होती. म्हणाली, "नाना, वीस मिनिटं झाली. गेटवेला बस बाहेरून कुठून मिळते ते पोलिसबाईंना विचारून ठेवलंय." घाबरली होती का, विचारलं. म्हणाली, "ठाण्यापर्यंत घाबरले होते. मग म्हटलं, नियम तर ठरलेला आहे."

घारापुरीला लाँचने तासभर लागतो. त्रिमूर्ती सगळ्यांना माहीत आहे, पुस्तकात असते. समोर उभं राहिलं की मान वर करावी लागते. पण शेतकऱ्याने बघावी अशी दुसरी गोष्ट सांगतो. या बेटावर राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर अशी तीन गावं आहेत. मुंबई समोर दिसते, पण कायमची वीज तिथे पोचली २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळी थोडे तास जनरेटर. आपण रात्रीच्या पाळीवर बोलतो, त्यांनी सत्तर वर्षं दिवे लागायची वाट बघितली. पोरीने हे वहीत लिहिलं आणि खाली आपल्या फीडरचं वेळापत्रकही लिहिलं. का लिहिलं ते विचारलं नाही.

तिसरा दिवस

पहाटेच ठाणेमार्गे वाशीला. कांदा-बटाटा मार्केटमध्ये आपल्या भागाचा माल ओळखू येतो, पत्ती बघूनच. पोरीने तीन आकडे मांडले. आमचा शेवटचा लॉट लासलगावला साडेतेरा रुपये किलोने गेला होता. वाशीला त्या दिवशी तसाच माल सतरा-अठरा. आदल्या संध्याकाळी आत्याच्या गल्लीतल्या भाजीवाल्याकडे तीस. मग मधलं काय, याची यादी : हमाली, तोलाई, बारदान, ट्रक, घट, सड, गाळा, आणि प्रत्येकाचा नफा. "यातलं किती रास्त आणि किती नाही ते मला अजून कळत नाही," म्हणाली. मी म्हटलं, मी तीस वर्षं कांदा पिकवतोय, मलाही सगळं कळत नाही. ते शिकून आलीस तर मला शिकव.

दुपारी कल्याणला जेवलो, संध्याकाळच्या पंचवटीने घरी. पाच हजारांतले चौदाशे साठ रुपये परत आले, हिशेब वहीत आहे. सगळ्यांत जास्त खर्च खाण्यावर, त्यानंतर लाँच आणि तिकिटं. शुक्रवारी बागेत गेलो. डोळे फुगले आहेत, एकसारखे. कागदावर लिहिल्याप्रमाणे पाणी बरोबर पडलं होतं.

आजीला पोरीने लोकलची गोष्ट स्वतःच सांगितली, माझी गाडी हुकल्यासकट. म्हातारी थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, "होस्टेलच्या खोलीत किती पोरी असतात?" होस्टेलबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न.

जाणार असाल त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, मन मागे राहतं. ठिकाणं कमी ठेवा. चुकामूक झाली तर काय करायचं हे घरूनच ठरवून निघा, फोनच्या भरवशावर राहू नका. पैसे आणि वही लेकराच्या हातात द्या. आणि वार काढताना विजेची पाळी आधी बघा.

पुढच्या आठवड्यात विरळणीबद्दल लिहितो. तुमच्याकडे खरड छाटणी कधी झाली आणि डोळे कितव्या दिवशी फुटले, ते खाली कळवा.