नऊ रात्री

परवा ताईचा फोन होता. बोलता बोलता तिने सहज विचारलं, "हॉस्पिटलात रात्री तू असायचास ना रे, काय बोलायचे बाबा?"

मला सांगताच येईना! नऊ रात्री त्यांच्या उशाशी बसलो, सकाळी तिथूनच बँकेत. आणि आठवतं काय, तर सलाइनचे थेंब आणि खालच्या टपरीवरचा चहा. दादा दिवसा असायचा, रात्री घरी झोपायचा. त्याला सगळं लख्ख आठवतं. आपण इतके कोडगे कसे, हे मनाला फारच लागलं.

मग शोधत बसलो (माझी जुनी खोड). मॅथ्यू विल्सन नावाचे मेंदूशास्त्रज्ञ अ‍ॅरिझोनात ब्रूस मॅकनॉटन यांच्याबरोबर उंदरांवर काम करत होते. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात जागा ओळखणाऱ्या पेशी असतात. या कोपऱ्यात गेलं की ही पेशी बोलते, त्या कोपऱ्यात ती. पेशींची टकटक स्पीकरवर ऐकू यायची. उंदीर पळायचा थांबून झोपी गेला, तरी टकटक पळताना व्हावी तशी चालूच! १९९४ साली दोघांनी 'सायन्स'मध्ये छापलं, की पळताना ज्या पेशी जोडीने बोलल्या, त्याच नंतरच्या गाढ झोपेतही जोडीने बोलतात. म्हणजे उजळणीच की हो.

पण उजळणीने खरंच फरक पडतो का? २००९ मध्ये पॅरिसच्या गटाने झोपेत मेंदूत उठणाऱ्या त्या क्षणभराच्या लहरी विजेच्या बारीक स्पंदांनी मोडल्या. उंदीर रस्ता शिकण्यात मागे पडले. दुसऱ्या उंदरांना तेवढेच स्पंद दिले, पण लहर येऊन गेल्यावर. ते नीट शिकले. हे वाचून मी बराच वेळ खिडकीत उभा होतो.

उंदरांवरून स्वतःला माफ करणं सोयीचं आहे, कळतं मला. शिवाय थकव्याने मुळात लक्षच नसेल माझं, तर साठवणार काय?

तरी ताईला परत फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दिवसा एकदाही झोपला नाहीस?"

झोपलो होतो. मधल्या रविवारी, जेवून चांगला चार तास. आणि त्याच्या आदल्या रात्रीचं एक वाक्य आहे माझ्याकडे. तीनच्या सुमारास बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सिलिंडरचा नंबर लावलास का?"

ताई आधी हसली. मग बराच वेळ फोनवर कोणीच बोललं नाही.