मंगळवेढ्याचे काळे रान आणि हुलग्याचे कढण

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे निघाले, की बेगमपूरजवळ भीमा आडवी येते. पूल ओलांडला, की पलीकडे माचणूर. नदीच्या अंगाला सिद्धेश्वराचे देऊळ आणि उतरता घाट. याच काठावर ब्रह्मपुरीला १६९५ पासून चारेक वर्षे औरंगजेबाची छावणी पडलेली होती. एवढ्या लष्कराला आणि जनावरांना दाणावैरण कुठून पुरली असेल, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात सहसा नसतो. पण शेतीखात्यात नोकरी केलेल्या माणसाच्या मनात तो आधी येतो. उत्तर मिळायला फार लांब जावे लागत नाही. घाट चढून वर आले, की दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर काळे रान आणि त्यावर पुरुषभर उंचीची ज्वारी.

पौष महिन्यात इकडे यावे. सकाळी आठपर्यंत रानावर धुके असते. कणसे नुकती भरत आलेली असतात, पाने दवाने ओली असतात आणि बांधाकडेने करडईच्या काटेरी ओळी असतात. ही करडई जनावरे आत शिरू नयेत म्हणून लावायची जुनी रीत. कुंपणाचे कुंपण आणि घाण्याच्या तेलाची सोय. रोपे कोवळी असतात तेव्हा विरळणी करून काढलेल्या करडईची भाजी होते, तिला पैसा पडत नाही.

शहरातल्या पाहुण्याला नवल वाटते ते हे, की या उभ्या पिकाला बहुधा एकही पाणी दिलेले नसते. भाद्रपद-आश्विनात पडलेला पाऊस या खोल, चिकण काळ्या मातीने पोटात साठवलेला असतो आणि त्याच ओलीवर ज्वारी माघ-फाल्गुनापर्यंत तग धरते. वरून थंडी आणि दव. मात्र जमीन सुकू लागली की भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायची, शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा बुजतात. हे आम्ही सभांतून सांगत आलो, पण इथल्या जुन्या शेतकऱ्याला ते आमच्या आधीपासून ठाऊक होते, हे कबूल केले पाहिजे.

इथले बियाणे म्हणजे मालदांडी. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेला ३५-१ हा वाण आजही लोक नावानिशी मागतात. दाणा गोल, टपोरा, मोत्यासारखा चमकदार. भाकरी मऊ आणि गोडसर. शिवाय कडबा असा, की जनावर दुसऱ्या कडब्याकडे वळत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

गावात दामाजीपंतांचे मंदिर आहे. बहामनी अमदानीत दुष्काळ पडला, तेव्हा सरकारी कोठारे उघडून त्यांनी रयतेला धान्य वाटले आणि त्याची भरपाई विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने बिदरच्या दरबारात केली, ही कथा आपल्या घराघरात आहे. चोखोबांची आठवणही इथलीच. १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. कोठार उघडणारा आणि कूस बांधता बांधता गाडला गेलेला, दोघेही एकाच गावचे. धान्य आणि ते पिकवणारे-राबणारे हात यांचा विचार करायला यापेक्षा योग्य गाव मला तरी माहीत नाही.

हुरड्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण हल्ली त्याची जाहिरात पुष्कळ होते. गूळभेंडी, कुचकुची, सुरती ही हुरड्याची जुनी नावे. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, हातावर चोळलेले गरम दाणे, शेंगादाण्याची चटणी, गूळ आणि वर ताक. पोट भरते, जीव भरत नाही. पण हुरडा हा पाहुण्याचा पदार्थ आहे. घरचे लोक हिवाळाभर काय खातात, हे पाहायचे तर चुलीजवळ बसावे लागते.

आणि चुलीवर असते ते पातळ. शहरात ज्याला सूप म्हणून वाटीभर, जेवणाआधी, चमच्याने पितात, ते आपल्याकडे पूर्वीपासून आहे. फक्त त्याची नावे निराळी आणि पोट भरण्याइतके मोठे पातेले. मुगाचे कढण, मटकीचे कढण, हुलग्याचे कढण. हुलग्याच्या पिठाचे माडगे. शेंगोळ्यांचा रस्सा. येसर घालून केलेली आमटी. ज्वारीच्या ताकातल्या कण्या. पूर्वेकडे अक्कलकोटच्या बाजूला आणि पुढे लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात आंबिलाची मडकी आणि ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी जाते. ती भज्जी म्हणजे त्या वेळी रानात जे जे हिरवे आहे त्याचे एकत्र शिजवण. आपल्या भोगीच्या भाजीचाच हा मोठा नातेवाईक.

या सगळ्यांत मला विशेष सांगायचे आहे ते हुलग्याबद्दल. कोकणात याला कुळीथ म्हणतात आणि तिथे कुळथाच्या पिठल्याला मान आहे. आपल्या देशावर मात्र हुलगा म्हटले की जुनी माणसे बैलाकडे बोट दाखवतात. मुरमाड, हलकी, दुसरे काही न येणारी पट्टी हुलग्याला द्यायची. सुगी आणि नांगरटीच्या दिवसांत हुलगे शिजवून, त्याचे पाणी वेगळे काढून, चोथा बैलाला चारायचा. पाण्याला लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, की ते झाले घरचे कढण. एकाच पातेल्यात बैल आणि माणूस दोघांची सोय.

तालुक्याच्या दक्षिणेकडच्या, कोरडवाहू भागातल्या एका वस्तीवर मागच्या हिवाळ्यात गेलो होतो. काम ज्वारीवरच्या लष्करी अळीचे होते. पाहणी झाल्यावर घरधन्याने हात धरून घरी नेले. पडवीत त्याची म्हातारी आई शेंगोळे वळत बसली होती. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, लसूण, तिखट, जिरे घालून घट्ट मळलेला गोळा, आणि तळहातावर वळून शेंगेसारखे तुकडे. समोर चुलीवर फोडणीचे पाणी रटरटत होते. त्यात ते सोडले, की पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. सून बाजूला सहा महिन्यांचे मूल घेऊन बसली होती. तिचा चेहरा पाहून मी सहज विचारले, की दवाखान्यात रक्त तपासले का. घरधन्याने कोनाड्यातून कार्ड काढून दिले. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली.

‘‘गोळ्या देत्यात की. घेती रोज,’’ म्हातारी म्हणाली.

‘‘कशाबरोबर घेतेस, ताई?’’ मी सुनेला विचारले.

‘‘चहाबरुबर,’’ ती म्हणाली.

हे मी इतक्या घरांत ऐकले आहे, की आता आश्चर्य वाटत नाही. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो आणि ते अंगी लागू देत नाही. गोळी असो की भाकरी, तिच्यासोबत आणि तिच्यामागे-पुढे तासभर चहा नको. लिंबू पिळलेले पाणी मात्र उलट काम करते. लोह अंगी लागायला मदत करते. मी तसे सांगितले. मग विचारले, की घरात जेवण कोणत्या क्रमाने होते. घरधनी हसला. पुरुष, मुले, म्हातारी आणि शेवटी सून, हे सांगायची गरज नव्हती. शेवटच्या पंगतीला कढणाच्या पातेल्यात काय उरते, तेही सांगायची गरज नव्हती.

तेव्हा म्हातारी जे बोलली ते मी वहीत उतरवून घेतले.

‘‘सायेब, आमच्या टायमाला तरी बाईला कोन इचारत हुतं? पर बैलासाठी हुलगं शिजायचं. पाटी घिऊन गोठ्यात आमीच जायचो. जाता जाता मूठ-मूठ खायाचो. सासूला दिसायचं न्हाई आन् बैल काय सांगत न्हाई. आता दारात टॅक्टर हाय. टॅक्टरला कोन हुलगं शिजवतंय?’’

सून मान खाली घालून हसली. मला मात्र हसू आले नाही. बैल गेले म्हणून हुलगा गेला, हे मला पेरणीच्या आकड्यांवरून कळले होते. पण बैलाबरोबर घरातल्या बाईचा चोरटा घासही गेला, हे कोणत्याच आकड्यात नव्हते. आणि म्हातारी चोरून खात होती ते काही हलके अन्न नव्हे. हुलग्यात शंभरात बावीसच्या आसपास भाग प्रथिने असतात, चुना म्हणजे कॅल्शियम शंभर ग्रॅममागे अडीचशे मिलिग्रॅमच्या वर असते, लोहही चांगले असते. पाणी काढून घेतले तरी यातला मोठा भाग दाण्यातच राहतो. म्हणजे वर बसून पातळ पिणाऱ्या पुरुषांपेक्षा गोठ्यातला बैल आणि ती सून यांनाच अधिक मिळत होते!

म्हणून भगिनींनो, कढण केले की खालचे दाणे टाकू नका, कोंबड्यांनाही घालू नका. त्यांची परतून उसळ करा, किंवा थोडे दाणे वाटून कढणातच परत मिसळा. हुलगे आदल्या रात्री भिजत घाला. दिवसभर फडक्यात बांधून मोड आणले तर आणखी चांगले. मोडाने दाणा पचायला हलका होतो आणि त्यातले लोहही अधिक अंगी लागते. पाच माणसांना दोन वाट्या हुलगे पुरतात. मऊ शिजवावेत, वर चार-पाच वाट्या पाणी राहील असे पाहावे. ते पाणी काढून त्यात लसूण, जिरे, कढीपत्ता, लाल मिरचीची फोडणी, चवीला मीठ आणि आमसूल किंवा चिंच. वाढताना लिंबू पिळावे, उकळत्यात नको. त्यात गरम ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी कुस्करली, की दुसरे काही लागत नाही.

माडगे त्याहून सोपे. हुलगे भाजून, भरडून, पाखडून पीठ करून ठेवावे. ते महिनाभर टिकते. एक वाटी पीठ थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे, सहा वाट्या उकळत्या पाण्यात ओतावे आणि ढवळत दहा मिनिटे शिजवावे. तिखट हवे तर लसणाची फोडणी, गोड हवे तर गूळ, सुंठ आणि चिमूटभर मीठ. शाळेतून आलेल्या पोराच्या हातात चहा-बिस्किटाऐवजी हे द्या. बाजारात सूपाची पुडी मिळते. तिच्यामागचा मजकूर एकदा वाचून पाहा. बहुतेकांत मक्याचे सत्त्व, साखर आणि मीठ हेच पहिल्या ओळींत असते. पैसे मात्र आपले.

हुलगा उष्ण म्हणून गरोदर बाईला देऊ नये, असे बऱ्याच घरांत मानतात. त्या हट्टाला मी जात नाही. मुगाचे, मटकीचे कढण आहे, हरभऱ्याचा पाला आहे. भांडण्यापेक्षा दुसरे पातेले चढवावे. मुतखड्यावर हुलग्याचे पाणी पितात, त्याने डॉक्टर चुकवू नये एवढेच सांगतो.

हरभऱ्याचा पाला म्हटले, की सकाळी खुडलेला. दवाबरोबर पानांवर आंब येते, तीच त्या भाजीची चव. फुले लागण्याआधी शेंडे खुडले, तर झाडाला फाटेही जास्त फुटतात. जास्तीचा पाला सावलीत वाळवून ठेवला, की उन्हाळ्यात गरगटा करायला कामी येतो. दाणेकूट घालून केलेली ही पातळ भाजी आणि मालदांडीची भाकरी, वर जवसाची किंवा कारळ्याची चटणी, हे जेवण मी अनेक सरकारी मेजवान्यांपेक्षा वरचे मानतो.

भीमेवर उजनी धरण १९८० साली पुरे झाले. तेव्हापासून जिथे जिथे पाणी पोचले तिथे ऊस आला. पैसा आला, पक्की घरे आली, त्याला नाव ठेवणारा मी कोण? दक्षिणेच्या गावांनी पाण्यासाठी किती वर्षे वाट पाहिली, हे जवळून पाहिले आहे. पण उसाच्या फडात करडईची ओळ नसते, हरभऱ्याचा पाला नसतो, आणि बांधावरची मुरमाड पट्टीही सपाट होऊन जाते. मग घरातल्या बाईने ज्वारी आणि डाळी विकत आणायच्या, म्हणजे आधी कमी आणायच्या. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात ज्वारीचे गोडवे गायले गेले. आपल्या घरी पाच गुंठे हुलगा आहे का, हे मात्र कोणी विचारले नाही.

त्या वस्तीवरच्या म्हातारीकडे उतरंडीतल्या एका गाडग्यात, राखेत घोळवलेले दोन-अडीच किलो जुने हुलगे होते. ‘‘पेरायला ठिवल्यात, पर पोरगं रान देत न्हाई,’’ ती म्हणाली. घरधन्याने बोअरच्या पलीकडची, दगडाची म्हणून सोडून दिलेली पट्टी दाखवली. ती मी पावलांनी मोजली. सोळा गुंठ्यांच्या आत-बाहेर भरली. तेवढ्या बियाला ती पुरेशी आहे, कारण हुलग्याला एकरी पाच-सहा किलोच बी लागते. ज्यांच्या घरी जुने बी नाही त्यांनी कृषी विद्यापीठाचे सीना किंवा माण हे वाण मागावेत. दोन्ही नावे आपल्याच नद्यांची आहेत. पेरणी पाऊस स्थिरावल्यावर करावी, खत नसले तरी चालते, आणि शेंगा वाळू लागल्या की सकाळच्या दवातच काढणी उरकावी, नाहीतर उन्हाने तडकून दाणे रानातच गळतात.