आपलीच ढाल

कॅन्सरबद्दल बोलताना आपण सगळे नकळत सैनिक होतो. झुंज, मात, योद्धा, हेच शब्द तोंडी येतात. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला ते आवडायचेही. पण गेल्या वर्षी माझ्या मावशीची स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो सुरू झाली आणि हे शब्द अपुरे वाटायला लागले. लढाईत शत्रू बाहेरून येतो. इथे तो घरातलाच आहे.

मावशीच्या औषधाचं नाव डॉक्सोरुबिसिन. रंग कोकम सरबतासारखा लाल. दोनतीन सलाईन झाल्यावर शेजारच्या बाईंनी मायेनं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. "ताकद येईल गं!" डॉक्टर मात्र म्हणाले, "केमो चालू आहे तोवर मला विचारल्याशिवाय असलं काही घ्यायचं नाही." मावशी हिरमुसली. ताकदीच्या गोळीत वाईट काय असणार?

मी बायोकेमिस्ट्रीच्या मैत्रिणीला कँटीनमध्ये धरून बसवलं. तिनं सांगितलं ते असं. डॉक्सोरुबिसिन पेशीच्या डीएनएमध्ये शिरून तिचं विभाजन बिघडवतं. शिवाय पेशीत ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रेणू तयार करतं. ते दिसेल त्याला भिडतात, प्रथिनांना, चरबीला, डीएनएला. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशीत असे रेणू आधीच जास्त असतात. ती काठावरच उभी असते, औषध तिला ढकलतं.

पण सगळ्याच पेशी पडत नाहीत. आपल्या पेशींत एनआरएफ२ नावाचं प्रथिन असतं. एरवी कीप१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून मोडीत काढायला पाठवतं. ताण वाढला की कीप१ची पकड सुटते. एनआरएफ२ पेशीच्या केंद्रात जातं आणि बचावाची जनुकं चालू करतं. मग ग्लुटाथायोन जास्त बनतं, आणि ते त्या क्रियाशील रेणूंना शांत करतं. कॅन्सरची पेशी हीच सोय स्वतःसाठी वापरते. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये तर कीप१च बिघडलेलं असतं, म्हणजे बचाव चोवीस तास चालू.

मी विचारलं, "मग ही ढाल काढूनच का घेत नाहीत?" ती म्हणाली, "अगं, चांगल्या पेशींचीही तीच ढाल आहे ना!" हृदयाच्या पेशींची ढाल मुळात तोकडी, म्हणून हे औषध हृदयाला बाधू शकतं. त्यासाठीच मावशीची टूडी एको करतात, आणि आयुष्यभरात हे औषध एकूण किती द्यायचं याला मर्यादा असते.

गोळ्यांबद्दलची भीतीही हीच. बाटलीतलं अँटिऑक्सिडंट चांगली पेशी कुठली, वाईट कुठली, हे ओळखत नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली होती. तो प्रश्न केमोचा नव्हता, कॅन्सर टाळण्याचा होता. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. चांगलं म्हणून दिलेलं नेहमी चांगलंच करतं असं नाही.

आता 'कॅन्सरवर मात' असं वाचलं की मी क्षणभर थांबते. ज्या युक्तीनं आपण रोज जगतो, त्याच युक्तीनं ती पेशीही जगते. डॉक्टरांचं काम शत्रूला गोळी घालण्याइतकं सोपं नाही. घरातल्या एकालाच लागेल आणि बाकीचे वाचतील, असा डोस त्यांना काढायचा असतो.

हे सगळं मी मावशीला सांगितलं, आणि तिनं शेजारच्या बाईंना. त्या रागावल्या नाहीत. आता सलाईनच्या दुसऱ्या दिवशी त्या भाताची मऊ पेज घेऊन येतात आणि तासभर बसतात. तुमच्या ओळखीत कुणाची केमो चालू असेल, तर तुम्हीही तेवढंच करा. गोळ्यांचं डॉक्टर बघतील.