दाव्याचं काय केलंत?

माझी पहिली कथा चार दिवाळी अंकांकडे गेली. तिघांनी ‘साभार परत’ एवढंच कळवलं, चौथ्यानं तेवढंही नाही. कथा बिघडली होती हे मलाही जाणवत होतं, पण कुठं, ते सांगणारं कुणी नव्हतं. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी कथेबद्दल बारकाईनं बोलत, पुन्हा लिहायला लावत, हे वाचून मला हेवा वाटायचा. ते मासिक 1982 सालीच बंद पडलेलं, आणि मी लिहायला लागले चाळिशीनंतर.

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलताना एका बाईंशी ओळख झाली. “लिहिता ना? मग रविवारी या की आमच्यात,” त्या म्हणाल्या. मंगळवार पेठेत एका पिठाच्या गिरणीवरची खोली, सहा माणसं. दळण सुरू झालं की पायाखालची फरशी थरथरायची, वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागायचा. नियम एकच होता: वाचून झाल्यावर लेखकानं गप्प बसायचं, आपल्या लिखाणाची वकिली करायची नाही.

माझ्या कथेत आई म्हैस विकते. शेवटचं अख्खं पान तिच्या दुःखाचं होतं. मी वाचलं. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर मामा जरा वेळानं म्हणाले, “बाई, म्हस इकली तितंच माझ्या पोटात कालवलं. फुडं तुमी मला रडाय शिकवाय लागलासा.” मग त्यांनी विचारलं, “दाव्याचं काय केलंसा?”

मी सुन्न झाले. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. आई ते रिकामं दावं हातावर गुंडाळत गोठ्यात गेली होती आणि खुंटीला अडकवून तिथंच उभी राहिली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि कथेत घ्यायचं मला सुचलं नव्हतं! त्या रात्री मी शेवटचं पान काढून टाकलं.

असं कान देऊन ऐकणारा माणूस मला भेटला, आणि त्याच्याशी मी कशी वागले ते सांगायला हवं. मामांनी त्यांच्या आठवणींची अकरा पानं माझ्याकडे दिली. मी शाळेत मराठी शिकवते. लाल पेन घेऊन बसले आणि ‘व्हतं’चं ‘होतं’ केलं, ‘गेल्तो’चं ‘गेलो होतो’. मला वाटलं, मदत करतेय. मामांनी पानं बघितली, घडी घालून खिशात ठेवली. पुढचे तीन रविवार ते आले नाहीत.

चौथ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. “मामा, तुमच्या तोंडून ऐकायचंय,” म्हटलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली, माझ्या दुरुस्त्या ओलांडून, आपल्या बोलीत. घाटात बंद पडलेली गाडी, अवघडलेली बाई, पावसात कंदील धरून उभा ड्रायव्हर. मी दुरुस्त केलेल्या पानांवर ही माणसं मुकी झाली होती. मी मामांची माफी मागितली. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे वो. चा घ्या.”

ते परत येऊ लागले. एका रविवारी त्यांनी मुक्कामी गाडीवरचा मजकूर वाचला. शेवटचा उतारू उतरतो, गाव झोपतं आणि लिखाण संपतं. सगळे छान म्हणाले. मी विचारलं, “मामा, मग तुम्ही कुठं झोपायचा?”

त्यांनी चष्मा काढला. मागच्या लांब बाकड्यावर, म्हणाले, पैशांची बॅग उशाला घेऊन. झोप लागायचीच नाही, कारण दिवसभर केलेली पंचची टिकटिक रात्री कानात चालू राहायची. आणि धाकटी लेक झाली त्या रात्रीही ते असेच कुठल्यातरी गावात मुक्कामी होते. निरोप मिळाला सकाळच्या पहिल्या गाडीनं.

खाली गिरणी थांबली होती. मी माझी वही आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं.