जेली नसलेला डोळा

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला आलेले बाबा पिशवीतून आधी भाकरीचा डबा काढतात, मग जुने कागद. मला ते कागद हवे असतात. पडद्याचं ऑपरेशन कधी झालं, आत तेल भरलं होतं की गॅस, तेल काढलं का? तेल आत असेल तर सोनोग्राफीचा आवाज त्यातून सेकंदाला सुमारे ९८० मीटरनेच जातो, डोळ्यातल्या जेलीतून १५३२ मीटरने. हा फरक धरला नाही, तर डोळा आहे त्याहून लांब मोजला जातो आणि बसवायच्या भिंगाचा नंबर चुकतो.

शिंदखेड्याकडच्या या बाबांचं तेल निघालेलं होतं. पडद्याच्या ऑपरेशननंतर ऐन कापूसवेचणीत ते पालथे झोपून राहिले, पडदा बसला, आणि मग मोतीबिंदू धरला. त्या ऑपरेशनात जेली काढल्यावर पन्नाशीपुढच्या बहुतेकांना तो दोन वर्षांत धरतो. हे आधीच सांगायला हवं. नाहीतर आधीच्या डॉक्टरांनी डोळा बिघडवला असं माणूस मनात धरून बसतो.

एरवी भिंगाला मागून जेलीचा टेकू असतो. इथे मागे नुसतं पाणी. मोतीबिंदू काढायची फेकोची सुई आत गेली, बाटलीचं पाणी सुरू झालं, की भिंग एकदम खाली बसतं, बाहुली ताणून मोठी होते आणि थेंबांच्या भुलीवर पडलेला माणूस कळवळतो : "दुखस हो डॉक्टर!"

सुरुवातीच्या काळात मी अशा वेळी "हलू नका" म्हणत असे. त्याची खंत अजून आहे. हलत ते नव्हतेच. बाहुलीची कड भिंगाच्या पिशवीवर झाकणासारखी घट्ट बसलेली असते, पाण्याला मागे जायला वाट नसते. दुसऱ्या हातातल्या हत्याराने ती कड जराशी उचलली, की पाणी मागे शिरतं, भिंग वर येतं, दुखणं तिथल्या तिथे थांबतं. आता मी बाटली आधीच खाली घेतो, आणि कड उचलल्याशिवाय पुढे जात नाही. इथे पिशवी फाटली, तर तुकडा अडायला जेली नाही. तो थेट पडद्यावर जातो.

बाबांचा पडदा मधोमध सुटला होता, म्हणून सरळ रेघ वाकडीच दिसेल असं मी आधीच सांगितलं होतं. सकाळी पट्टी काढली.

"आते कसं शे, बाबा?"

ते खिडकीच्या गजाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"वाकडा शे. पन शे."

नवा कागद जुन्यांना टाचून मी त्यांच्या पिशवीत ठेवला.